अप्पांचा विलायतेतला माणूस

त्या इंग्रज नटाला त्याच्या आईच्या खालोखाल कुणी निरखून पाहिलं असेल, तर ते माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी, आणि तेही सोलापुरात, चादरी-टॉवेलच्या दुकानात गादीवर बसून. नटाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ओळखणार नाही, आणि फोटो दाखवला तर म्हणाल, "हां, याला कुठंतरी पाहिलंय बुवा." साठ वर्षं नाटकांत आणि सिनेमांत काम करून हा माणूस जगाला 'कुठंतरी पाहिलेला' एवढाच आठवतो. त्याने पाद्री केले, डॉक्टर केले, मोठ्या घरातले म्हातारे नोकर केले, शेवटच्या पाच मिनिटांत येऊन निकाल वाचणारे न्यायाधीश केले. ताईचे सासरे, ज्यांना सगळं घर आणि निम्मा बाजार अप्पा म्हणतो, ते त्याला 'आपला माणूस' म्हणतात. त्यामुळे घरात कुणी "आपला माणूस आला" म्हणून ओरडलं की पाहुणे दाराकडे बघतात आणि घरचे टीव्हीकडे.

हे खूळ कसं लागलं ते अप्पांनी मला ताईच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी सांगितलं होतं. नवरदेवाचे वडील म्हणून त्यांना तेव्हा दहा कामं होती. पण मी इंग्रजी शिकवतो असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला मांडवाच्या खांबापाशी गाठलं. कॉलेजात असताना रविवारी सकाळी टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागायचा, त्याला ते मित्रांबरोबर गेले होते. मित्र कशासाठी गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सिनेमात एका बाईचा नवरा आगगाडीने यायचा असतो. ती स्टेशनात येऊन कारकुनाला विचारते, गाडी कधी येणार? गाडीला अपघात झाल्याचं त्या कारकुनाला नुकतंच कळलेलं असतं. "पावणं, त्यानं काय केलं असंल?" अप्पांनी मला विचारलं. मला काय माहीत. "काय बोलला न्हाय. उठला, सोताची खुर्ची उचलली आन् तिच्यामागं नेऊन ठिवली. बास. तिला कळलं, मलाबी कळलं. आमची दोस्त मंडळी शिट्ट्या मारत होती, त्यास्नी काय कळलं न्हाय."

एवढंच त्याचं काम. पण अप्पांना त्याचं नाव हवं होतं. नावं सिनेमाच्या सुरुवातीला भराभर निघून गेली होती, म्हणून ते पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसले. तेव्हाही निघून गेली. मग ते जिना चढून सरळ मशीनच्या खोलीत गेले. तिथला ऑपरेटर बिडी विझवत म्हणाला, "नाम लेके क्या करते जी? हीरो तो दुसरा है ना." अप्पा हलेनात. शेवटी त्या भल्या माणसाने रिळाची पट्टी ओढून बल्बसमोर धरली, आणि अप्पांनी 'क्लार्क'समोरच्या नावाचं एकेक अक्षर तळहातावर उतरवून घेतलं. हे सांगताना मांडवात त्यांनी मला तळहातही दाखवला, जणू अजून तिथे काही दिसावं. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या आणि अव्वा, म्हणजे ताईच्या सासूबाई, आमच्या दोघांकडे अशा बघत होत्या की मी पुढची दोन वर्षं त्यांच्या समोर जायचं टाळत होतो.

पुढे व्हीसीआर आला, केबल आली, सीड्या आल्या, आणि प्रत्येक यंत्र अप्पांच्या मते आपला माणूस सोलापूरपर्यंत पोचावा म्हणूनच निघालेलं होतं. दुकानात छोटा टीव्ही आला तोही त्याच कारणासाठी. एकदा मंगळवेढ्याचे एक शेतकरी लग्नाच्या आहेरासाठी टॉवेल घ्यायला आले. अप्पांनी त्यांना चहा पाजला, पाणी पाजलं, पण टॉवेल काही काढले नाहीत. "बसा की, आता यील तो." बिचारे अर्धा तास एका न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा बघत बसले. शेवटी एक म्हातारा न्यायाधीश आला, दोन वाक्यं बोलला आणि मागच्या दाराने गेला. "मग?" पाहुण्यांनी विचारलं. "मग काय, गेला की. पन कसा गेला ते बघितलं का?" पाहुण्यांनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "दार लोटलं, पर वाजू न्हाय दिलं. घरात आजारी मानूस असल्यावानी." अप्पा गादीवरून उठले आणि त्यांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला. मी समोर होतो. इंग्रजी साहित्यावर मी इतकी वर्षं वर्गात बोलतोय. इतकं चांगलं वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही.

आपला माणूस पडद्यावरून गेला की अप्पा टीव्ही बंद करायचे. बाकीच्यांचं त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यामुळे त्यांनी खुनाचे असंख्य सिनेमे पाहिले आहेत, पण खून कुणी केला हे त्यांना एकाही सिनेमात माहीत नाही. कारण बहुधा आपल्याच माणसाचा खून पहिल्या अर्ध्या तासात झालेला असायचा. त्या संध्याकाळी अप्पा जेवत नसत. अव्वांनी सुरुवातीला हे सहन केलं. नंतर एकदा ताट वाढून समोर आदळलं आणि म्हणाल्या, "ओ, मागच्या महिन्यातबी मेला हुता की हा! किती येळा सुतक धरायचं?" त्यावर अप्पा गंभीरपणे म्हणाले, "त्या वेळी पोटात गोळी हुती. आज निजल्याजागी गेला." आणि भाकरी मोडून जेवायला लागले, कारण निजल्याजागी जाण्याला दुःख मानायचं कारण नव्हतं.

त्याला एकदा एका सिनेमात मुख्य काम मिळालं. अप्पा ते पाहून नाराज झाले. "हिरो केला आन् वाया घालवला. हा मानूस कोपऱ्यात हुबा राह्यला की पडदा भरतो. मधी आनला की नुसता दिसतो." तो सिनेमा चालला नाही, आणि नट पुन्हा आपल्या कोपऱ्यात गेला. एका मालिकेत तो काही वर्षं पोलिसांचा वरचा साहेब होता. तीच काय ती त्याची प्रसिद्धी. मग एका मोठ्या बक्षिसासाठी त्याचं नाव पुढे आलं आणि बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. तो समारंभ अप्पांनी नातीच्या फोनवर पाहिला. हरलेल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्याने क्षणभर दाखवला. तो मनापासून टाळ्या वाजवत होता. अप्पांनी तेवढा तुकडा आम्हाला चार वेळा दाखवला. "ह्यो खरा आनंद हाय का काम हाय, सांगा बघू?" कुणालाच सांगता येईना. "मलाबी न्हाय सांगता येत," अप्पा म्हणाले, आणि फार समाधानी दिसले.

पत्रांचं काम माझ्याकडे होतं. अप्पांना इंग्रजी ऐकून समजायचं, पण लिहायचं म्हटलं की हात जड व्हायचा. म्हणून वर्षातून दोन-तीनदा मला बोलावणं यायचं. ते मराठीत सांगायचे, मध्येच एखादा शब्द कानडीत जायचा, मी इंग्रजीत लिहायचो. अव्वांना एका पत्राबरोबर शेंगाचटणी पाठवावी का असं विचारलं, तर म्हणाल्या, "नको. नाटकात बोलायचं असतंय न्हवं त्यास्नी? घसा बसंल." पत्रांत स्तुती नसायची. शंका असायच्या. त्यातली सगळ्यांत मोठी शंका एका पाठीबद्दल होती. कुठल्याशा जुन्या सिनेमात अंत्ययात्रेचा प्रसंग आहे, आणि गर्दीत एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहे. ती पाठ आपल्या माणसाची आहे, असं अप्पांचं म्हणणं. त्याच्या कामांच्या यादीत तो सिनेमा नव्हता. नातीने इंटरनेट पालथं घातलं; नव्हता. माझे मेव्हणे म्हणाले, "अप्पा, पाठीवरून मानूस कसा वळखता?" अप्पा म्हणाले, "तू जत्रंत हरवला हुतास तवा तुला कशावरून वळखला?"

मी पत्र लिहिलं, जरा लाजतच लिहिलं. आजवर एकाही पत्राचं उत्तर आलं नव्हतं. अप्पा दर आठवड्याला फोन करून "काय आलं का, पावणं?" म्हणून विचारायचे, कारण पत्ता माझ्या घरचा होता. तीन महिन्यांनी एक लहानसं पाकीट आलं. आत जाड कागदावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. ती पाठ माझीच. माझं नाव कापलं गेलं होतं, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी रिक्षा करून दुकानात गेलो. अप्पांनी ते कार्ड वाचलं, मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, मग दुकानात कापड बघत असलेल्या बायकांना मराठीत सांगायला लावलं. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "इतकी वर्सं कुनीच इचारलं न्हाय म्हंजे काय ओ?"

यानंतर दोन वर्षांनी अप्पांची नात, म्हणजे ताईची मुलगी, लंडनला शिकायला गेली. तिच्या पदवीदानाला ताई आणि मेव्हणे जाणार होते. पण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मेव्हण्यांना तिच्याजवळ राहणं भाग होतं, आणि नातीने फोनवर सांगितलं की आपल्या माणसाचं नाटक तिथे लागलंय. पंच्याऐंशी ओलांडल्यावर तो रंगभूमीवर परत आला होता. एका म्हाताऱ्या बापाचं काम होतं, आणि पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत तो रंगमंचावर होता. अप्पांनी फोन खाली ठेवला आणि मला लावला. "पावणं, पासपोर्ट हाय न्हवं? मला इंग्रजी ऐकाया येतं, बोलायला न्हाय. तुमी चला."

तर असे आम्ही गेलो. धोतर, लांब कोट, कानटोपी आणि कपाळावर विभूतीचे पट्टे, अशा थाटात अप्पा लंडनच्या रस्त्यावरून चालत होते आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं. पूल, घड्याळ, राजवाडा सगळं त्यांनी आपल्या माणसाच्या मागे पाहिलेलं होतं. "हितं तो छत्री इसरला हुता," असं म्हणत ते पुढे जायचे. पदवीदान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाटक होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान. नातीला त्या दुपारी कामावर जायचं होतं, म्हणून तिने आम्हा दोघांना थिएटरच्या दाराशी सोडलं.

आत गेल्यावर भिंतीवर एक कागद चिकटवलेला मला दिसला. तब्येतीच्या कारणामुळे आजच्या प्रयोगात बापाची भूमिका अमुक नट करतील. खाली एक नाव होतं, मी कधी न ऐकलेलं. मी तो कागद तीनदा वाचला. अप्पा शेजारी उभे राहून कानटोपी घडी करून खिशात ठेवत होते. खिडकीपाशी रांग लागली होती. लोक तिकिटं परत करत होते. मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, उद्याचं काही? उद्या सकाळीच आमचं विमान आहे हे मला माहीत होतं, तरी विचारलं.

मग मी अप्पांना सांगितलं. सरळच सांगितलं, दुसरं काही सुचेना. त्यांनी त्या कागदाकडे बघितलं.

"लई आजारी हायेत का?"

"तसं लिहिलेलं नाही. छाती भरलीये, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या."

"मग काम कोन करतंय?"

"बदली नट आहे कुणी. अप्पा, आपण बाहेर जाऊ या. कुठं तरी बसून चहा घेऊ."

अप्पा रांगेतल्या लोकांकडे बघत राहिले. दारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "तो आत तयारी करत असंल न्हवं? हात गार पडले असतील त्याचे." आणि मला म्हणाले, "चला आत. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की कळतंय मानसाला."

नाटक सुरू झालं. बदली नट साठीच्या आसपासचा, जाडसर, टक्कल पडलेला माणूस होता. पहिल्या अंकात त्याचा आवाज कापत होता. एका ठिकाणी तो थांबला. वाक्य गेलं होतं. माझ्या मनगटावर अप्पांची पकड इतकी घट्ट झाली की मला दुखायला लागलं. मी बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. त्यांना ते वाक्य माहीत असणं शक्यच नव्हतं, पण ओठ हलत होते. मुलीचं काम करणारी नटी उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. दुसऱ्या अंकात तो माणूस वेगळाच होता. बाप मुलीला ओळखत नाही अशी जागा होती. तिथे माझ्या शेजारची बाई रुमाल शोधायला लागली. पडदा पडला तेव्हा अप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते, डोक्याच्या वर हात नेऊन, आपल्याकडे तमाशाच्या फडात वाजवतात तशा.

नट मंडळी ज्या मागच्या दाराने बाहेर पडतात तिथे आम्ही गेलो. एरवी तिथे सह्या घ्यायला गर्दी असते म्हणे. त्या दिवशी कुणी नव्हतं. थोड्या वेळाने तो माणूस हातात पिशवी घेऊन एकटाच बाहेर आला. अप्पांनी त्याला नमस्कार केला, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलले. मी त्यांना इंग्रजी बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "फर्स्ट हाफ, फियर. सेकंड हाफ, व्हेरी गुड. व्हेरी व्हेरी गुड."

तो माणूस आधी गोंधळला, मग हसला. त्याने विचारलं, तुम्ही कुठून आलात, आणि खरं सांगा, कुणाला बघायला आला होतात? मी काहीतरी गोड बोलणार होतो. अप्पांनी मला थांबवलं आणि माझ्याकडून शब्दशः सांगून घेतलं. "आलो त्यांच्यासाठी. पाहिलं तुम्हाला. वाईट वाटलं नाही."

त्या माणसाने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, मी कित्येक नाटकांतली कामं पाठ करून आत बसून राहिलोय, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बाहेर आलोय. या दारात माझ्यासाठी आज पहिल्यांदा कुणी थांबलंय. मग तो म्हणाला, थांबा, मी त्यांना फोन लावतो, घरीच आहेत, तुमच्याशी दोन शब्द बोलतील. त्याने खिशातून फोन काढलासुद्धा. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. अप्पांनी मान हलवली. "नको. झोपू द्या त्यास्नी. आन् मी आवाज ऐकाया न्हवतो आलो, काम बघाया आलो हुतो. ते बघून झालं."

परतताना आम्ही बस थांब्यावर बसलो. ऊन होतं, पण गार होतं. मी जरा रागातच विचारलं, "अप्पा, इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तो फोनवर येत होता, आणि तुम्ही नको म्हणालात?"

ते कानटोपी घालत होते. सावकाश म्हणाले, "पावणं, मी कॉलेजात असताना आमचं नाटक स्पर्धेत हुतं. मला काम मिळालं न्हाय. मास्तरनी बदली म्हनून ठिवलं. म्हनले, सगळं पाठ कर, कुनी आजारी पडला तर तू. मी सगळ्यांचं पाठ केलं. बायकांचंबी. दुकानात माल देताना मनात म्हनायचो. रोज कपडे इस्त्री करून न्यायचो." कानटोपी कानांवर ओढत म्हणाले, "कुनी आजारी पडलंच न्हाय ओ. एकदाबी."

मग काय झालं, मी विचारलं.

"मग काय. बक्षीस मिळालं, सगळ्यास्नी हार घातले. वडील म्हनले, झालं असंल तर दुकानात बस. त्याच महिन्यात तो खुर्चीचा सिनेमा बघितला." बस आली. अप्पा उठले आणि मला म्हणाले, "घरी सांगू नका. उगं पोरं हसतील."

मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि तेही पोरं हसणार नाहीत याची आता मला खात्री आहे म्हणून.

आम्ही सोलापूरला परत आलो. त्या आजारातून आपला माणूस त्या नाटकात परतलाच नाही. उरलेले सगळे प्रयोग टक्कल पडलेल्या त्या माणसाने केले. काही महिन्यांनी नातीचा मला निरोप आला. आपल्या माणसाने जाहीर केलं होतं की आता वाक्यं लक्षात राहत नाहीत, म्हणून काम थांबवतोय. "मामा, अप्पांना तू सांग. मला धीर होत नाही," तिने लिहिलं होतं. मी दुपारी दुकानात गेलो. मैंदर्गीचं एक कुटुंब चादरी बघत होतं, अप्पा त्यांच्याशी कानडीत बोलत होते. ते गेल्यावर मी सांगितलं.

अप्पांनी उलगडलेल्या चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. मीही एक टोक धरलं. तीन-चार चादरी झाल्यावर म्हणाले, "कागद हाय का?"

मी कागद काढला, पेन काढलं. अप्पांचं पत्र म्हणजे एरवी तासाभराचं काम. सांगत, खोडत, पुन्हा सांगत. त्या दिवशी ते बाहेर रस्त्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "लिवा. तुमी आता निवांत बसा. आमी सगळं बघितलं."

"आणखी?"

"बास की. आनखी काय."

पत्र टाकून आता पाच महिने होत आले. पूर्वी अप्पा दर आठवड्याला फोन करून विचारायचे. या पत्राबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र कॉलेजातून आलो की आधी जिन्याखालची पत्रपेटी उघडून बघतो, आणि ती रिकामी आहे हे बायकोला दिसू नये म्हणून विजेचं बिल शोधत असल्यासारखा थोडा वेळ तिथंच उभा राहतो.